आईचा लकवा ही 'स्वतःची सोय' कशी?



मागच्या महिन्यात एका चौकशीत मी डिफेन्स हेल्पर म्हणून बसलो होतो. समोर आपलाच एक ट्रॅकमन. बार्शी तालुक्यातला पोरगा, २०१८ च्या मोठ्या भरतीत परीक्षा देऊन लागलेला आणि दक्षिणेतल्या एका डिव्हिजनमध्ये टाकलेला. आरोप काय, तर ८७ दिवस विनापरवाना गैरहजर. त्याबद्दल एसएफ-५. रेल्वेवाल्यांना एसएफ-५ सांगायला नको. टपालवाल्यांसाठी सांगतो, तुमच्याकडे जशी रूल १४ ची चार्जशीट तशी आमच्याकडे ही. नोकरी जाण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, "या तारखेपासून या तारखेपर्यंत तुम्ही ड्युटीवर नव्हता, हे मान्य आहे?"

"होय साहेब."

"रजा मंजूर होती?"

"मागितली होती. मिळाली नाही."

"म्हणजे मंजूर नव्हती."

"नव्हती साहेब."

झाली चौकशी. अर्धा तासही लागला नाही. मी त्याच्या बदलीच्या अर्जाची प्रत पुढे केली, तर अधिकारी म्हणाले, या कागदाचा आरोपाशी संबंध नाही. नियमाने पाहिले तर ते चुकीचे बोलले असेही म्हणता येत नाही. गैरहजर होता का? होता. परवानगी होती का? नव्हती. का गेला, हा प्रश्न चार्जशीटच्या छापील फॉर्मात कुठेच नाही.

तो का गेला ते मी सांगतो. विधवा आई. २०२२ च्या दिवाळीनंतर तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात दुसरे कोणी नाही. बहीण जवळच दिलेली, ती सासरचे करून आईचेही करीत होती. पोराने गावाजवळच्या डिव्हिजनसाठी बदलीचा अर्ज केला, डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडले. तिकडच्या डिव्हिजनची संमती यायला वर्ष गेले. संमती आली, तर इकडून सोडेनात. रिलीव्हर नाही. मग बहिणीला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी तिला वजन उचलू नको म्हणून बजावले. लकव्याच्या माणसाला कुशीवर वळवायचे, शौचाला बसवायचे, म्हणजे वजन उचलणे नाही तर काय? पोराने रजा मागितली. गँगमध्ये माणसे कमी म्हणून नाकारली. तो रात्री उद्यान एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसला आणि गेला. मी असतो तर मीही गेलो असतो. हे वाचणारा कोणीही गेला असता.

एका टेबलावर त्याचा बदलीचा अर्ज आहे, त्यात आईचा आजार लिहिला आहे. शेजारच्या टेबलावर चार्जशीटची फाइल आहे, त्यात कर्तव्यात कसूर लिहिली आहे. दोन्ही कागद एकाच मजल्यावर, बहुधा एकाच कपाटात. ते ऑफिस कोणते हे मी लिहीत नाही. तुम्ही ज्या ऑफिसात अर्ज दिला आहे तेच समजा, फार चुकणार नाही.

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही तऱ्हा. बदली द्यायची नाही, रजा द्यायची नाही आणि माणूस गेला तर चार्जशीट मात्र वेळेवर.

आता आपल्या नियमांच्या पुस्तकांकडे वळू. बरेच कामगार ती पुस्तके क्लार्कची मालमत्ता समजतात. तसे समजू नका. रेल्वेच्या एस्टॅब्लिशमेंट कोडचा परिच्छेद २२६ सांगतो की ज्या रेल्वेवर तुमची पहिली नेमणूक झाली, तिथेच साधारणपणे तुमची सगळी नोकरी व्हायची. दुसऱ्या रेल्वेवर बदली हा तुमचा हक्क नाही. प्रशासनाला गरज वाटली तर मात्र ते तुम्हाला कुठेही पाठवू शकते. मॅन्युअलचा परिच्छेद ३१२ पुढचे सांगतो. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या रेल्वेत गेलात तर त्या ग्रेडमध्ये तिथे जेवढे आहेत, कायम असोत, तात्पुरते असोत, नाहीतर ऑफिशिएटिंग असोत, त्या सगळ्यांच्या खाली तुमचे नाव. तुमची सर्व्हिस पंधरा वर्षांची का असेना. यालाच आपण बॉटम सिनियॉरिटी म्हणतो. त्यातून अशी बदली भरतीच्या ग्रेडमध्येच होते. म्हणजे घासूनपुसून टेक्निशियन-१ झालेल्या माणसाने आधी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे की मला खाली उतरवा. बदली भत्ता नाही, जॉइनिंग टाइम नाही, कारण बदली तुमच्या सोयीची. म्युच्युअल घेतली तर परिच्छेद ३१० प्रमाणे दोघांतली जी ज्येष्ठता खालची ती पदरात.

टपाल खात्याचा रूल ३८ याच घरातला. गंमत अशी की हा नियम सुरुवातीला फार गोड बोलतो. कर्मचाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी मागितलेल्या बदलीला, इतरांच्या हक्काला धक्का न लागता ती करता येत असेल तर, नाउमेद करू नये, असा त्याचा आरंभ आहे. पुढच्याच ओळींत ग्रेडेशन लिस्ट येते आणि गोडवा संपतो. नव्या युनिटमध्ये तुम्ही शेवटचे.

दोन्ही पुस्तकांत बदलीचे खण दोनच. एक सरकारी गरजेचा, दुसरा स्वतःच्या विनंतीचा किंवा सोयीचा. तिसरा खण नाही. त्यामुळे ज्याला गावाकडच्या विहिरीवर ऊस लावायचा आहे त्याचा अर्ज आणि ज्याची आई अंथरुणाला खिळली आहे त्याचा अर्ज एकाच खणात पडतात. दोन्ही 'सोय'. माझे भांडण या एका शब्दाशी आहे. आईला लकवा व्हावा अशी विनंती त्या पोराने कोणाकडे केली होती?

साहेब लोक कधी कधी मेडिकल ग्राउंडच्या अर्जाकडे आधी पाहतात, हे खरे आहे. मला चांगले अधिकारीही भेटले आहेत, नाही म्हणणार नाही. पण ती त्यांची मेहरबानी. साहेब बदलला की मेहरबानीही बदली होऊन जाते, आणि तिला रिलीव्हर लागत नाही!

यावर कार्मिक शाखेचे ठरलेले उत्तर असते. "आईला इथेच आणा. इथे रेल्वेचे हॉस्पिटल आहे, कार्ड आहे, औषध फुकट आहे." ऐकायला बिनतोड. पण आजार म्हणजे हॉस्पिटल, ही समजूत ज्याने घरी रोगी सांभाळला नाही त्याची. लकव्याच्या रोग्याला डॉक्टर महिन्यातून एकदा लागतो आणि माणूस दिवसरात्र लागतो. हा पोरगा रात्रीच्या पेट्रोलिंगला गेला की खोलीत आईजवळ कोण? क्वार्टर मिळालेले नाही, भाड्याची एक खोली, दुसरा मजला. शेजारी चांगले आहेत, पण ते कन्नड बोलतात, आणि जिची वाचाच अर्धी गेली आहे तिची मराठी खूण त्यांना कळायची कशी? गावी निदान बहीण आहे, चुलती आहे, हाक मारली तर ओट्यावरून उठून येणारी चार माणसे आहेत. त्या माणसांना रेल्वेचे कार्ड नाही आणि त्यांची बदलीही करता येत नाही. बदली होऊ शकते ती फक्त नोकरदाराची.

आणि याच्या उलट बाजूचीही माणसे आहेत, ज्यांना गाव सोडून शहराकडे यायचे आहे. मी बंगळूरला राहतो. होसूर रोडला निम्हान्स आणि किडवई कर्करोग संस्था जवळजवळ आहेत. सकाळी त्या रस्त्याने गेलो की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी कानावर पडते. हातात फाइल, पिशवीत भाकरी. त्यांत आपली माणसेही असतात. उत्तर कर्नाटकातल्या एका टपाल डिव्हिजनमधली आपली एक भगिनी पोस्टल असिस्टंट आहे. तिच्या नवऱ्यावर कर्करोगाचे उपचार चालू होते. रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे, मग तपासण्यांच्या फेऱ्या वर्षानुवर्षे. तिने रूल ३८ खाली बंगळूरची बदली मागितली. तिला रजेचा सल्ला मिळाला.

तिला रजा तरी कोणती होती? महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून चाइल्ड केअर लीव्ह मिळते, सगळ्या नोकरीत ७३० दिवस. संघटनांच्या रेट्याने मिळालेली मोठी गोष्ट आहे ती. पण ती मुलासाठी. नवऱ्याच्या कॅन्सरला चालत नाही. अर्धपगारी रजा आहे, वर्षाला २० दिवस. ती पूर्ण पगारी करून घ्यायची, म्हणजे कम्युट करायची, तर सर्टिफिकेट स्वतःच्या आजाराचे लागते. नवरा आजारी म्हणून बायको ती कम्युट करू शकत नाही. म्हणजे जो खोटे सांगून स्वतःला आजारी म्हणवून घेईल त्याला पूर्ण पगार, आणि जो खरे सांगेल की घरातला माणूस आजारी आहे त्याला अर्धा! खोटेपणा कोण शिकवते ते यावरून ठरवा.

२०२५ च्या जुलैत वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले होते की केंद्रीय कर्मचाऱ्यांना वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी ३० दिवसांची रजा. आमच्या शाखेत दोघे-तिघे पेढे मागायला आले. मी राज्यसभेतले उत्तर वाचून दाखवले. ती नवी रजा नव्हतीच. वर्षाला मिळणारी तीच ३० दिवस अर्जित रजा, तीच २० दिवस अर्धपगारी, ८ दिवस कॅज्युअल, २ दिवस ऐच्छिक. मंत्री एवढेच म्हणाले की ती कोणत्याही घरगुती कारणासाठी घेता येते, आईवडिलांसाठीही. हे आमच्या आजोबांच्या काळापासून ठाऊक होते. प्रश्न रजा खात्यावर आहे की नाही हा नसतो, ती मंजूर होते की नाही हा असतो.

कोर्टात जाऊ म्हणणारेही भेटतात. वकिलाची फी भरण्याआधी दोन निकाल समजून घ्या. १९९३ साली सुप्रीम कोर्टात केंद्र सरकार विरुद्ध एस. एल. अब्बास हा खटला निकालात निघाला. अब्बास हे शिलाँगला केंद्र सरकारच्या वनस्पती सर्वेक्षण खात्यात होते, त्यांची पौडीला बदली झाली. बायको शिलाँगलाच नोकरीला, मुले तिथेच शाळेत, स्वतःच्या पाठीच्या कण्याला पूर्वी दुखापत झालेली. ट्रिब्युनलने त्यांची बाजू घेतली. सुप्रीम कोर्टाने ती फिरवली. कोणाला कुठे पाठवायचे हे खात्याने ठरवायचे, बदल्यांच्या मार्गदर्शक सूचना खात्याने ध्यानात घ्याव्यात, पण त्यांवरून कर्मचाऱ्याला कायदेशीर हक्क मिळत नाही, असे कोर्टाने सांगितले. तीस वर्षे हा निकाल आमच्या तोंडावर मारला जातो.

दुसरा निकाल मार्च २०२२ चा. कस्टम्स व अप्रत्यक्ष कर खात्याने एका कमिशनरेटमधून दुसऱ्यात जाण्याची बदलीच २०१८ साली बंद केली होती. नौशाद रहमान यांच्यासह अनेक कर्मचारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. कोर्टाने खात्याचे परिपत्रक रद्द केले नाही. पण कर्मचाऱ्याचे कौटुंबिक जीवन जपणे हेही सरकारने धोरण आखताना पाहिले पाहिजे, पती-पत्नी एकत्र राहणे, अपंगांच्या गरजा आणि अनुकंपेची प्रकरणे यांसाठी धोरणाचा फेरविचार करा, असे सांगितले. म्हणजे दार उघडले नाही, पण दाराला फट पडली. या फटीत पाचर घालायची की नाही हे संघटनांनी ठरवायचे. आजवर आपण घातलेली नाही.

एक सरकारी आदेश मात्र आपल्या उपयोगाचा आहे आणि निम्म्या कामगारांना तो माहीत नाही. केंद्राच्या कार्मिक खात्याने जून २०१४ मध्ये सांगितले की अपंग मुलाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदल्यांतून वगळावे. नंतर त्यात भर पडत गेली, आणि ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने मुलगा-मुलगी, आईवडील, नवरा-बायको, भाऊ-बहीण असे अवलंबून असलेले अपंग नातेवाईक त्यात आले. थॅलेसीमिया, हिमोफिलियासारखे रक्ताचे आजारही धरले गेले. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी अपंगत्वाचा दाखला काढून सर्व्हिस रेकॉर्डला लावून ठेवावा, बदलीची यादी लागेपर्यंत थांबू नये.

पण या आदेशातली मेख पाहा. एक तर त्याला शेपूट आहे, प्रशासकीय अडचण नसेल तर. दुसरे म्हणजे तो तुम्हाला आजारी माणसाजवळून हलवत नाही, एवढेच. दूर असलेल्याला जवळ आणत नाही. बार्शीच्या पोराला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण तो आधीच सहाशे किलोमीटरवर आहे. आपल्या तरुण कामगारांपैकी बहुतेकांची हीच स्थिती आहे. देशभराची भरती, निवड होईल तिथे नेमणूक. आमच्याकडे मराठवाड्याची पोरे आहेत, बिहारची आहेत, ओडिशाची आहेत. दुखणे सगळ्यांचे एकच, फक्त गाडीचे नाव वेगळे.

मग हे जगात कुठेच होत नाही का? होते, आणि आपल्या डोळ्यांसमोर होते. आपल्यापैकी अनेकांच्या बायका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, त्यांना विचारा. महाराष्ट्र सरकारने २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयाने शिक्षकांच्या बदल्या संगणकावर आणल्या आणि विशेष संवर्ग भाग १ आणि भाग २ केले. पक्षाघात, कर्करोग, डायलिसिस, हृदयशस्त्रक्रिया झालेले शिक्षक, मतिमंद मुलांचे पालक हे पहिल्या भागात, पती-पत्नी एकत्रीकरण दुसऱ्या भागात. यादी सगळ्यांना दिसते, कोणाचा नंबर कितवा ते कळते. मी ज्या राज्यात राहतो त्या कर्नाटकाने २००७ सालीच शिक्षकांच्या बदल्यांचा कायदा केला, २०२० साली नवा केला. बदल्या कौन्सेलिंगने होतात आणि गंभीर आजाराच्या प्रकरणांना अग्रक्रम आहे. या पद्धतीत दोष नाहीत असे नाही, शिक्षक संघटना त्यांवर भांडत असतात. पण मास्तर लोक नियमावर भांडतात. आपण डीलिंग क्लार्कच्या टेबलाशी चहा घेऊन उभे असतो.

प्रशासनाचे दोन आक्षेप आहेत, ते घेऊ.

पहिला, लोक खोटी सर्टिफिकेटे आणतील. आणतीलच काही. महाराष्ट्रात शिक्षकांच्या विशेष संवर्गातही बनावट दाखले निघाले, फेरतपासणी झाली, काही निलंबित झाले. पण म्हणून संवर्ग बंद केला नाही. रेल्वेचे स्वतःचे डॉक्टर आहेत, डिव्हिजनला हॉस्पिटल आहे. त्यांचे मेडिकल बोर्ड आम्हाला अनफिट ठरवायला चालते, तर आमच्या आईचा लकवा खरा की खोटा हे सांगायला का चालू नये? आणि खरे सांगायचे तर बॉटम सिनियॉरिटी, पदावनती, भत्ता नाही, एवढे सगळे सोसून खोटे सर्टिफिकेट आणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

दुसरा, माणसेच नाहीत, सोडणार कसे? हा आक्षेप खरा आहे म्हणूनच जास्त चीड आणणारा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत सरकारनेच सांगितले होते की रेल्वेत अराजपत्रित पदांपैकी तीन लाखांहून अधिक रिकामी आहेत. ती पदे त्या ट्रॅकमनने रिकामी ठेवली होती? भरती वेळेवर न करणारे दिल्लीत आणि त्याची किंमत मोजणारी म्हातारी बार्शीत. शिवाय यात हिशेबही चुकतो. माणूस न सोडल्यामुळे गँगला काय मिळाले? ८७ दिवस गैरहजर असलेला माणूस, नंतर चौकशीच्या तारखांना हेलपाटे घालणारा माणूस, आणि हजर असेल तेव्हा रुळावर उभा राहून फोनकडे लक्ष असलेला माणूस. ट्रॅकवर लक्ष दुसरीकडे असणे म्हणजे काय, हे गँगमध्ये काम केलेल्याला सांगावे लागत नाही.

आणि रिलीव्हर नाही हे कारण सगळ्यांना सारखे लागते का? युनियनचा एखादा पोरगा साहेबाशी जोरात बोलला की त्याची बदली निघते. त्या ऑर्डरमध्ये शेवटी 'स्टँड रिलीव्ह्ड' लिहिलेले असते. त्या दिवशी रिलीव्हर कोणी शोधत नाही. गँग चालते, गाड्या चालतात, काही अडत नाही.

आता कडू बोलतो, रागावू नका. दोष सगळा प्रशासनाचा नाही. नव्या ठिकाणी ज्येष्ठता मिळाली पाहिजे असे मी एकदा आमच्याच जनरल बॉडीत म्हणालो, तर आपलेच सभासद उठले. "बाहेरचा येणार आणि आमच्या डोक्यावर बसणार? आम्ही दहा वर्षे प्रमोशनची वाट बघतोय." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आजही मी परिच्छेद ३१२ सरसकट काढून टाका म्हणत नाही.

त्याहून कडू गोष्ट युनियनच्या ऑफिसांतली. बदली हे सभासद पकडण्याचे आपले गळ झाले आहे. मान्यतेचे गुप्त मतदान आले की प्रत्येक झेंड्याखाली बदलीची आश्वासने. डिसेंबर २०२४ मध्ये हे सगळ्यांनी पाहिले. आणि मी सोवळा नाही. २०१३ च्या मतदानाच्या वेळी मी शाखेचा खजिनदार होतो. आमच्याकडे दोन प्रकरणे होती. एकाच्या मुलाला मिरगीचे झटके येत, त्याला बंगळूरला यायचे होते. दुसरा आमचा धडाडीचा कार्यकर्ता, त्याला गावाजवळ जायचे होते, कारण विशेष काही नव्हते. साहेब म्हणाले, सध्या एकच होईल. आम्ही कार्यकर्त्याचे नाव दिले. त्याच्यामागे चाळीस मते होती. मुलाच्या बापाने पुढच्या महिन्यात दुसऱ्या युनियनचा फॉर्म भरला. बरोबर केले त्याने.

तेव्हा मागायचे काय? मला मॅट्रिकच्या माणसाला जेवढे सुचते ते मांडतो, शिकलेल्यांनी दुरुस्त करावे. तिसरा खण मागायचा. घरातल्या माणसाचा गंभीर आजार हे कारण 'स्वतःच्या विनंती'तून बाहेर काढायचे. मेडिकल बोर्डाने खरे ठरवले की त्या कामगाराला उपचारापुरती, समजा तीन वर्षांची, तात्पुरती नेमणूक जवळच्या डिव्हिजनमध्ये द्यायची, आणि त्याची लिन मूळ जागी ठेवायची. ज्येष्ठता मूळ जागी चालू राहील, म्हणून नव्या ठिकाणच्या कोणाच्या डोक्यावर तो बसत नाही. आई बरी झाली किंवा, स्पष्टच बोलायचे तर, गेली, की तो परत येईल. कायमचे राहायचे असेल तर तेव्हा बॉटम सिनियॉरिटी घ्यावी. यात अशक्य काय आहे? आपली माणसे मेट्रोत, रेल विकास निगममध्ये डेप्युटेशनवर जातात, त्यांची लिन रेल्वेत राहतेच की. मेट्रोकडे जाणाऱ्याची लिन राहते, मग आईकडे जाणाऱ्याची का राहू नये? टपाल खात्यातही याच धर्तीवर मागता येईल.

त्याबरोबर अर्जाला मुदत हवी. महिनाभरात हो की नाही, आणि नाही असेल तर कारण लेखी. मेडिकल अर्जांचे रजिस्टर वेगळे आणि ते नोटीस बोर्डावर, म्हणजे साहेबालाही आणि आम्हा युनियनवाल्यांनाही मधला नंबर वर ढकलता येणार नाही. आता अर्ज कॉम्प्युटरवर जातात, तेव्हा यादी लावायला कागदसुद्धा लागत नाही. आणि बदलीची ऑर्डर निघून रिलीव्हरअभावी अडकलेल्या माणसावर त्या काळातल्या गैरहजेरीसाठी एसएफ-५ काढायच्या आधी ती ऑर्डर फाइलला लावणे सक्तीचे करावे. चौकशी अधिकाऱ्याला 'संबंध नाही' म्हणता येऊ नये.

हे मिळवणे सोपे नाही. जेसीएममध्ये सक्तीचा लवाद आहे तो पगार-भत्ते, कामाचे तास आणि रजा एवढ्यापुरता, बदली त्यात येत नाही. वैयक्तिक प्रकरण नेले तर 'तत्त्वाचा प्रश्न आणा' म्हणतात. म्हणून तत्त्वाचाच प्रश्न न्यायला हवा, पण त्याच्या पोटात खरी प्रकरणे हवीत, तारखांसकट. आमच्याकडे पंचवीस वर्षांचे अर्ज आहेत आणि एकाचीही नीट नोंद नाही. हा दोष माझ्यासारख्या सेक्रेटऱ्यांचा.

त्या पोराचा चौकशी अहवाल अजून आलेला नाही. बहिणीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आईजवळ आता पगारी बाई ठेवली आहे, दिवसाची. रात्रीचे चुलती बघते. परवा तो शाखेत आला होता, म्हणाला, "काका, नोकरीच सोडून देऊ का?" मी त्याला थांब म्हणालो. किती दिवस थांब, हे मला सांगता आले नाही.

रेल्वे असो की टपाल, ज्यांचा ज्यांचा घरच्या आजारपणासाठीचा बदलीचा अर्ज पडून आहे त्यांनी आपल्या शाखेच्या सेक्रेटरीकडे एका कागदावर चार तारखा लिहून द्याव्यात: अर्ज कधी केला, पुढे कधी पाठवला, समोरच्या डिव्हिजनची संमती कधी आली, आणि सोडले की नाही. रजा नाकारली असेल किंवा चार्जशीट मिळाली असेल तर तिची प्रत जोडावी. सेक्रेटरी घेत नसेल तर पोच मागावी. पुढच्या पीएनएमच्या अजेंड्यासाठी हे कागद महिनाअखेरपर्यंत हवेत.